समुद्राकाठचा किल्ला, मुक्काम लोणावळा

चार वर्षांपूर्वी मी तिकीट काढून दर्या कॅसल बघायला गेलो. खिडकीतल्या मुलीने विचारलं, "आजोबा, पहिल्यांदाच येताय का?"

"दारातून पहिल्यांदाच," मी म्हटलं. "आधी परांचीवरून यायचो."

परांची म्हणजे बांधकामाचा बांबूचा मचाण, हे तिला कळलं नाही. मराठीतून माहिती अकरा वाजता सांगतात, तोवर बाकावर बसा, असं तिने सांगितलं.

मी बबन मिस्त्री, राहणार परंदवडी. धंदा गवंड्याचा. आता गुडघे ऐकत नाहीत म्हणून घरी असतो. मावळात माझ्या हातची पुष्कळ घरं आहेत, दोन शाळा आहेत, तीन देवळं आहेत. दिवाळी अंकासाठी कामाच्या आठवणी लिहा म्हटल्यावर मी आधी त्यांचाच विचार केला. पण त्यांच्याबद्दल लिहिणार काय? ती उभी आहेत आणि गळत नाहीत, एवढंच. लिहिण्यासारखं जे घडलं ते या किल्ल्यावर घडलं, आणि त्यात माझंही चुकलेलं आहे.

अकरा वाजता माहिती सांगणारा पोरगा आला. त्याच्या डोक्यावर कप्तानाची टोपी होती. तळेगावकडच्या एका शाळेची सहल आली होती, त्यांच्या घोळक्यात मीही उभा राहिलो. तो म्हणाला, हा किल्ला अडीचशे वर्षांपूर्वी एका पोर्तुगीज कप्तानाने आपल्या लाडक्या बायकोसाठी बांधला. तिचं नाव इझाबेल. कप्तान दर्यावर गेला की ती त्या वरच्या सज्जात उभी राहायची आणि जहाजाची वाट बघायची. एक दिवस जहाज आलंच नाही.

मुली हळहळल्या. मी विचारलं, "जहाज यायचं कुठं?"

"इथंच खाली."

"खाली तर भुशी धरण आहे."

त्याने टोपी सारखी केली. मग म्हणाला, "त्या काळी समुद्र जवळ होता, आजोबा."

सहलीच्या गुरुजींनी मान हलवली. "समुद्र मागे हटतो. भूगोलात आहे ते," असं मुलांना सांगून त्यांनी वहीत लिहूनही घेतलं.

तो किल्ला मी बांधला त्याला तेव्हा पंधरा वर्षं झाली होती.

बाहेर पडताना पायरीवर ठकूबाई दिसली. ठकूबाई वरच्या ठाकरवाडीची. किल्ल्याच्या कामावर तिने पहिल्या विटेपासून शेवटच्या पाटीपर्यंत माल वाहिला होता. आता तिच्या अंगात लुगड्यावरून चढवलेला पांढरा झालरीचा झगा होता आणि हातात खराटा.

"मिस्त्री, तुमी व्हय?"

"हे काय घातलंयस ठकूबाई?"

"म्या दासी हाय. त्या कप्तानाच्या बायकूची." ती खराट्यावर हात टेकून म्हणाली. "माज्या पणजीपास्नं. कुनी इचारलं तर सांगायचं, पणजीनं तिला सज्जात रडताना बगितलीया."

"आणि पणजी काय करायची?"

"वर नाचनी लावायची. तिला बाई न्हाई दिसली आन् कप्तान बी न्हाई. पन झाडायचा पगार येगळा, दासीचा येगळा."

आता हा किल्ला खरा कसा झाला ते सांगतो. खासनीस साहेब पुण्याचे. पाण्याच्या प्लास्टिकच्या टाक्यांचा त्यांचा कारखाना. मॅडमना घेऊन ते परदेशी फिरायला गेले आणि तिथे कुठल्याशा समुद्राकाठी त्यांनी एक किल्ला बघितला. खडकावर उभा, पांढरट दगडाचा, टोकदार बुरुजांचा, पाण्यावर झुकलेल्या सज्जाचा. त्या सज्जात उभ्या राहून मॅडम म्हणाल्या होत्या, इथेच राहावंसं वाटतं. नवऱ्याने ते मनावर घेतलं. लोणावळ्याच्या वरच्या अंगाला त्यांचा जमिनीचा तुकडा होता. तिथे मला उभं करून त्यांनी फोटो दाखवला.

"मिस्त्री, हे असं हवं."

"साहेब, बाकी करतो. समुद्राचं काय?"

"पावसाळ्यात दरी धुक्याने भरते की. वरून बघितलं तर समुद्रच."

हे खरं होतं. जुलैत त्या कड्यावर उभं राहिलं की खाली पांढऱ्याशिवाय काही दिसत नाही. पुढे लाटांचा आवाजही आला, झाडांत लपवलेल्या स्पीकरमधून.

बांधकाम न कळणाऱ्यांसाठी सांगतो, तो किल्ला म्हणजे आतून विटांचा साधा बंगला आहे. हॉल, स्वयंपाकघर, वर चार खोल्या. बाहेरून त्याला किल्ल्याचा पोशाख घातलाय. तीन बुरूज. पहिल्यात जिना. दुसऱ्यात साहेबांच्याच कारखान्याची पाण्याची टाकी. त्याला आता दारूगोळ्याचं कोठार म्हणतात आणि आत जायला मनाई आहे. तिसरा पोकळ, नुसता शोभेला. बुरुजांच्या टोप्या पत्र्याच्या. तटावरच्या चऱ्या, म्हणजे वरचे कंगोरे, वाळूच्या साच्यात ओतून काढल्या आणि बोरं वाळत घालावीत तशा ओळीने मांडल्या.

दगड म्हणाल तर एक नाही. पाया खणताना असा काळा पाषाण निघाला की घडवून लावला असता तर खरोखर अडीचशे वर्षं टिकला असता. पण फोटोतला दगड पांढरा होता. साहेबांनी काळा दगड फोडून खडी करायला पाठवला आणि मी पांढऱ्या सिमेंटचा जाड गिलावा करून, तो ओला असताना खिळ्याने त्यात दगडांचे सांधे ओढले. एकेक दगड वेगळा दिसावा म्हणून साखळीने भिंत ठोकून काढायची, चहाच्या पाण्याने डाग पाडायचे, शेवाळ धरावं म्हणून ताकात शेण कालवून फासायचं. ठकूबाई ताकाची बादली आणून म्हणायची, "भिंतीला ताक, आन् आमाला कोरा च्या."

ही सगळी मेहनत फुकट गेली. मावळातल्या पावसाने एका हंगामात तो किल्ला असा काळा आणि हिरवा केला की मला स्वतःला तो जुना वाटायला लागला.

राहिला सज्जा. स्लॅब ओतून झाल्यावर साहेबांना तो आठवला. बाहेर झुकणारा सज्जा स्लॅबबरोबरच ओतावा लागतो. त्याच्या सळया घराच्या पोटात खोल गेलेल्या असतात, त्या त्याला मागून धरून ठेवतात. नंतर चिकटवलेला सज्जा म्हणजे भिंतीवर लावलेलं कॅलेंडर. हे मी साहेबांना सांगितलं.

"अहो, पण फोटोत आहे," ते म्हणाले.

"मग दिसण्यापुरता करतो. अँगलचा सांगाडा, त्यावर कोंबडीच्या खुराड्याची जाळी, आत रिकाम्या गोण्या आणि वरून गिलावा. पण त्याला दार ठेवणार नाही. भिंतीवर दाराचं नुसतं चित्र काढतो."

"चालेल. कोण चढतंय तिथे?"

मी करून दिला. कामात इतका सुबक सज्जा मी दुसरा केलेला नाही. खालच्या बाजूला वेलबुट्टी, दोन सिंहांची तोंडं. नाही म्हणायला हवं होतं. माणसाला उभं राहता येत नाही अशी उभं राहण्याची जागा करू नये, हे मला कुणी शिकवायला नको होतं. पण साहेब भला माणूस, बायकोवर जीव असलेला, आणि मला सिंहांची तोंडं जमतात का हे बघायचं होतं.

मॅडम पहिल्या जुलैत राहायला आल्या. पंधरा दिवसांत पापड वातड झाले, रेशमी साड्यांवर बुरशी आली, आठवडाभर एक टॉवेल वाळला नाही. "तिकडे ऊन होतं हो," एवढंच बोलून त्या पुण्याला गेल्या आणि परत आल्या नाहीत. साहेब अधूनमधून येऊन एकटे बसायचे. शेवटी त्यांनी किल्ला पुतण्याच्या हाती दिला. त्याचं नाव निखिल. त्याने लग्नकार्यासाठी जागा द्यायला सुरुवात केली आणि कुठल्याही लग्नाच्या हॉलला नसतो असा इतिहास तिला जोडला. इझाबेल त्याच्या डोक्यातून निघाली. हॉलमध्ये लावलेला कप्तानाचा फोटो त्याच्या कॉलेजातल्या मित्राचा आहे, दाढी चिकटवलेली.

मला हसू यायचं. चार लोकांना करमणूक होते, ठकूबाईला दासीचा पगार मिळतो, आपलं काय गेलं? असं पुढे दोन वर्षं मी म्हणत होतो.

मग एक दिवस ठकूबाईचा फोन आला.

"मिस्त्री, त्येंनी सज्जाचं दार फोडलं."

"दार कुठाय तिथे? चित्र आहे."

"चित्रच फोडलं. आता खरं बशिवलंय. नवरा-नवरी तितं हुबी ऱ्हात्यात, फोटूला. आन् खाली रोज सकाळी भुगा पडतुय. म्या झाडतीया."

"किती पडतो?"

"आदी चिमूटभर हुता. आता सुपलीभर."

मी दुसऱ्या दिवशी गेलो. निखिलने मला खुर्ची दिली, सरबत दिलं आणि सगळं ऐकून घेतलं. "काका, तुम्ही म्हणता ते बरोबर आहे. पण सज्जा हीच तर आपली ओळख आहे. लोक सज्जासाठी येतात. आणि एवढी वर्षं पडला नाही ना?"

"एवढी वर्षं कुणी चढलं नव्हतं."

साहेब त्या दिवशी तिथेच होते, कप्तानाच्या फोटोखाली. बरेच थकले होते, पण डोकं शाबूत होतं. मी त्यांच्याजवळ बसलो. "साहेब, सज्जाला मागून काही धरलेलं नाही. आपलं ठरलं होतं, कुणी चढायचं नाही."

"इझाबेल चढायची की," साहेब म्हणाले.

मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं. चेष्टा करत असतील असं वाटलं. करत नव्हते.

"साहेब, तुम्ही आणि मी बांधलाय हा."

"तसं नाही मिस्त्री. तुम्ही दुरुस्ती केलीत. पाया जुना होता ना?"

"गुरांच्या गोठ्याचा होता."

"बघा, म्हणजे होता," असं म्हणून ते दरीकडे बघत बसले.

रविवारी मोठं लग्न होतं. सकाळचा मुहूर्त, आणि त्यानंतर दोन्हीकडचे पंचवीस-तीस जण सज्जात उभे राहून खालच्या लोकांवर फुलं उधळणार, असं ठकूबाईने कळवलं. मी पिशवीत हातोडा आणि छिन्नी टाकली आणि निघालो. हातोडा का घेतला ते मला त्या वेळी सांगता आलं नसतं. सवयीने घेतला असेल.

पोचलो तेव्हा अक्षता पडून गेल्या होत्या. वर बघितलं तर सज्जात आठ-दहा पोरं. त्यातली दोन उड्या मारत होती. खालच्या वेलबुट्टीत भिंतीलगत एक काळी रेघ उघडली होती, बोट जाईल एवढी. ओरडावं तर पोरं घाबरून कठड्याकडे धावतील. शेजारी ठकूबाई झगा सावरत उभी होती.

ती माझ्याआधी सावध झाली. हातातलं ताट वर धरून नेहमीच्या आवाजात म्हणाली, "पोरांनू, आईसक्रीम सुरू झालं. हळूहळू या, एकामागं एक. ढकलाढकली करील त्याला न्हाई मिळायचं."

पोरं ओळीने आत गेली. शेवटचं पोर आत गेलं तेव्हा मला कळलं, मी तिचं मनगट घट्ट धरून ठेवलं होतं.

मोठी माणसं फुलांच्या परड्या घेऊन जिन्याकडे निघाली होती. मी नवरीच्या वडिलांना गाठलं. "वर जाऊ नका. तो सज्जा खोटा आहे. मी बांधलाय."

त्यांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "बाबा, हा अडीचशे वर्षांपूर्वीचा आहे. तुमचं वय काय?"

मागची मंडळी हसली. निखिल आला आणि माझ्या खांद्यावर हात टाकून म्हणाला, "आमचे जुने मिस्त्री आहेत. जरा हळवे झालेत." मंडळी पुन्हा जिन्याकडे वळली.

मग मी मंडपाची शिडी ओढली, सज्जाखाली लावली आणि वर चढलो. गुडघे कसे चढले त्यांनाच माहीत. सिंहाच्या तोंडावर हातोडा घातला. दुसऱ्या घावाला सिंह खाली पडला, तिसऱ्याला गिलाव्याचा पोपडा निघाला आणि आतून खुराड्याची गंजकी जाळी लोंबायला लागली. जाळीमागून सिमेंटच्या रिकाम्या गोण्या निघाल्या, छापील नावासकट. एक गोणी गिरक्या घेत नवरीच्या वडिलांच्या पायाशी पडली. त्यांनी ती उचलून वाचली.

सनई थांबली होती. नवरी पुढे आली, एका हाताने शालू उचलून धरलेला. तिने जाळी बघितली, मला बघितलं, जिन्यात उभ्या असलेल्या आपल्या आजीला बघितलं. "आजी, खाली ये," ती म्हणाली. "सगळे खाली या. फोटो इथेच काढू." मग शिडीकडे येऊन हळूच म्हणाली, "काका, तुम्हीपण उतरा. त्याच्याखाली उभे आहात."

लग्न पार पडलं. सज्जा पडला नाही. तो त्या दिवशी पडला असता तर मी देवमाणूस ठरलो असतो. पडला नाही म्हणून निखिलने माझ्यावर तक्रार दिली: ऐतिहासिक वास्तूची नासधूस.

हवालदार सज्जन होते. त्यांनी मला चहा दिला आणि म्हणाले, "आबा, वास्तू ऐतिहासिक असेल तर तुमचं अवघड आहे."

"आणि नसेल तर?"

"तर त्यांना बांधकामाची परवानगी दाखवावी लागेल."

वास्तूचं वय ठरवायला आम्ही वडगावला तहसील कचेरीत गेलो; हवालदार, निखिल आणि मी. कारकुनाने गट नंबर विचारला, दप्तर काढलं, दोनदा बघितलं आणि चष्मा वर केला.

"तितं किल्ला न्हाई," तो म्हणाला.

"मग काय आहे?" निखिलने विचारलं.

"गुरांचा गोठा, कौलारू. दुसरं काही बांधल्याची नोंदच न्हाई." त्याने निखिलकडे बघितलं. "तुमाला काय म्हणायचंय, किल्ला हाय? नवा हाय का जुना? तसा अर्ज द्या. नवा असेल तर परवानगी लागती. जुना असेल तर पुरातत्त्व खात्याला कळवतो, मंग खिळा ठोकायला बी त्यांना इचारावं लागंल."

निखिलने एकदा माझ्याकडे, एकदा दप्तराकडे बघितलं. शेवटी म्हणाला, "गोठाच आहे."

हवालदारांनी तिथेच तक्रारीचा कागद दुमडला. गोठ्यावरचा सिंह फोडल्याचं कलम त्यांना आठवत नव्हतं.

निदान सज्जाच्या दाराला निखिलने कुलूप लावलं. पुढच्या ऑगस्टात, भर दुपारी, सततच्या पावसात सज्जा आपल्याआपण खाली आला. ठकूबाई तेव्हा पाच पावलांवर झाडत होती. त्याच जागेवरून ती नुकतीच पुढे सरकली होती. तिने मला फोनवर सांगितलं, "पडला येकदाचा." ती पाच पावलं मला अजून मोजता येतात.

महिन्याभराने निखिल स्वतः परंदवडीला आला, पेढे घेऊन. गर्दी वाढली होती. कप्तानाचं जहाज बुडालं त्याच वादळात सज्जा कोसळला, अशी नवी पाटी लागली होती आणि लोकांना पडका सज्जा धड सज्जापेक्षा जास्त आवडत होता. अडचण एकच होती, तुटलेल्या जागी नुसती जाळी दिसत होती. "काका, व्यवस्थित पडल्यासारखं करून द्या."

मी नाही म्हणणार होतो. मग वाटलं, दुसरा कुणी करेल तो पुन्हा गोण्या भरेल, आणि त्याखाली झाडणार ठकूबाईच. मी अट घातली की काम माझ्या पद्धतीने होईल.

भिंत फोडून सळया आतल्या तुळईत खोलवर नेल्या. काँक्रीट ओतलं, एकवीस दिवस पाणी मारलं. बाहेर आला हातभर लांबीचा, दातेरी कडांचा मोडका तुकडा, पण तो असा की त्याच्यावर बैल उभा करावा. त्या किल्ल्यात खरं बांधकाम तेवढंच आहे. ठकूबाई झगा काढून ठेवून त्याच्यावर उभी राहिली, दोनदा पाय आपटले, आणि खाली उतरून कामाला लागली.

शेवटच्या दिवशी साहेब बघायला आले. निखिलने हात धरून त्यांना वर आणलं. त्यांनी त्या मोडक्या कडेवरून सावकाश हात फिरवला, अंगठ्याने दाबून बघितलं, आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "याला म्हणतात जुनं काम, मिस्त्री. आता अशी माणसं राहिली नाहीत."

इतक्या वर्षांत साहेबांनी माझ्या कामाची केलेली ती एकुलती एक तारीफ. मी "होय साहेब" म्हटलं आणि थापी धुवायला घेतली.